जुन्या पैठणीचे मोल जरीच्या वजनाहून मोठे

भिलाई : पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील घर निवृत्तीनंतर सोडावे लागते. सामानाची आवराआवर सुरू होते आणि अनेक मराठी घरांत वर्षानुवर्षे न उघडलेली पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली येते. पणजीची पैठणी, आजीचे रेशीमकाठी लुगडे, आजोबांचा जरीचा फेटा, बारशाचे कुंची-अंगडे असे काही ना काही तिच्यात निघते. वस्त्र विरलेले असते, जर काळवंडलेली असते आणि त्याचे काय करावे, हा निर्णय बहुधा घाईत घेतला जातो.

जुनी जर विकत घेणारे व्यापारी अशा वस्त्राची किंमत त्यातील चांदीच्या अंदाजावरून ठरवतात. चांदी वेगळी करण्यासाठी वस्त्र जाळले जाते. हाती पडते ती धातूची किंमत. विणकाम, रंग आणि घराची आठवण यांचा त्यात हिशेब नसतो. म्हणूनच वस्त्र विकणे, कापून नवे काही शिवणे किंवा जपून ठेवणे यांपैकी काहीही ठरवण्यापूर्वी ते नेमके काय आहे, हे ओळखणे आवश्यक ठरते.

पेट्या भिलाईत कशा आल्या

छत्तीसगडचा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. तरी पुढे १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरशीच जोडलेला होता. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रोजगारासाठी देशभरातून आलेल्या लोकांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती.

या कुटुंबांच्या पेट्यांत आढळणारी वस्त्रे त्यामुळे अनेक ठिकाणांची असतात. नागपूर परिसरातील रेशीमकाठी लुगडी व धोतरे, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असलेली विदर्भातील टसरची करवतकाठी साडी आणि लग्नकार्यासाठी घेतलेली येवल्याची किंवा पैठणची पैठणी, असे त्यांचे स्वरूप असते.

काळ सांगणाऱ्या खुणा

वस्त्राचे वय ठरवताना घरात सांगितली जाणारी हकिकत मोलाची असते. परंतु 'दोनशे वर्षांपूर्वीची' अशी ऐकीव माहिती वस्त्रावरील खुणांशी ताडून पाहावी लागते.

पहिली खूण रंगाची. कृत्रिम रंगांचा आरंभ १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये जांभळ्या रंगाच्या शोधाने झाला आणि कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. भडक जांभळा किंवा गडद गुलाबी रासायनिक रंग असलेले वस्त्र त्यामुळे पेशवाईतील असू शकत नाही. मात्र मंद, नैसर्गिक भासणारा रंग हा प्राचीनतेचा पुरावा नव्हे. मूळचा भडक रंगही उजेडाने फिका पडतो.

दुसरी खूण शिवणीची. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. सर्वत्र सारखा, दुहेरी दोऱ्याचा यंत्रटाका असलेले पोलके किंवा अंगरखा त्याआधीचा असणार नाही. हातशिलाई मात्र आजही होते, म्हणून केवळ तीवरून वय ठरवता येत नाही. नायलॉनचा दोरा किंवा प्लास्टिकचे बटण दिसल्यास ती नंतरची दुरुस्ती आहे का, हेही तपासावे.

तिसरी खूण गिरणीच्या शिक्क्याची. जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. भिलाईजवळच्या राजनांदगावातील कापड गिरणी १८९० च्या दशकातील. पुढे ती बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली गेली. धोतराच्या किंवा ठाणाच्या टोकाला अशा गिरणीचा शिक्का राहिलेला असल्यास तो धुऊन काढू नये. लांबी वारांत लिहिलेली असेल, तर ते कापड मीटरची पद्धत रूढ होण्यापूर्वीचे, म्हणजे साधारणतः १९६० च्या दशकाच्या आरंभापूर्वीचे मानता येते. वस्त्रासोबत आण्यांतील किंमत असलेली पावती मिळाली, तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वीची असते.

पैठणी आणि जर

हातमागाच्या अस्सल पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने, नक्षीपुरताच विणला जातो. त्यामुळे मोर, मुनिया, कमळ किंवा आसावली वेल दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. उलट बाजूस सुटे, लोंबणारे धागे दिसले, तर नक्षी अन्य पद्धतीने विणलेली समजावी. ही कसोटी हातकाम ओळखण्याची आहे, वय ओळखण्याची नाही. येवल्यात आजही याच पद्धतीने पैठणी विणली जाते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे.

खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा असलेली चांदीची चपटी तार. नंतरच्या काळात तांब्याच्या तारेची आणि पुढे प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीची जर आली. भिंगातून झिजलेली जागा पाहिल्यास चांदी पांढुरकी व तांबे लालसर दिसते. येथे एक सावधगिरी हवी. आतला रेशमी धागा मुळातच तांबूस असू शकतो आणि त्यामुळे खरी जरही तांब्याची वाटू शकते. धागा ओढून जाळून पाहण्याची बाजारातील रीत घरी वापरू नये. त्यात वस्त्राचे नुकसान ठरलेले आहे.

साध्या वस्त्रांची उपेक्षा

आवराआवरीत जरीचे वस्त्र निदान बाजूला तरी ठेवले जाते. सुती लुगडे, जाड खादीचे धोतर, ठिगळ लावलेले पोलके मात्र पुसण्याच्या फडक्यात जाते. वास्तविक रोजच्या वापरातील वस्त्रे झिजून संपत असल्यामुळे तीच कमी उरतात. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात घरी कातलेल्या सुताची खादी असेल, तर तिचे मोल बाजारभावाने मोजता येत नाही. घामाचा डाग, ठिगळ, लहान मुलासाठी आत दुमडलेली शिवण याही इतिहासाच्याच खुणा आहेत. 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात त्या नाहीशा होतात.

साठवण कशी करावी

भिलाईत उन्हाळा अतिशय कडक व कोरडा असतो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. या चढउताराने धागे आकसतात व सैल होतात. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट किंवा तापणाऱ्या छताखालचा माळा त्यामुळे अयोग्य ठरतो. आतल्या खोलीतील, जमिनीपासून थोडे उंच ठेवलेले कपाट अधिक सुरक्षित असते. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीची जर काळी पडते. कोळसा जाळणाऱ्या उद्योगांच्या परिसरात ही शक्यता अधिक असल्याने वस्त्र उघडे न ठेवता गुंडाळून ठेवावे.

गुंडाळण्यासाठी अनेकदा धुतलेले, खळ नसलेले पांढरे मलमल उत्तम. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो आणि त्याची शाई कापडास लागते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पत्र्याच्या पेटीत आतून मलमलचे जाड अस्तर घालावे, कारण गंजाचा डाग सहसा निघत नाही. टाचण्या आणि लोखंडी आकडे काढून टाकावेत.

जुने रेशीम घडीवरच फाटते. शक्य असल्यास मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर वस्त्र सैलसर गुंडाळावे. घडीच घालायची असेल, तर प्रत्येक मोडीत मलमलची वळकटी ठेवावी आणि वर्षातून दोनदा घडीची जागा बदलावी. वजनदार जरीचे वस्त्र खुंटीवर किंवा हँगरवर टांगू नये.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कपड्यांना ऊन दाखवण्याची जुनी रीत कसर व बुरशी टाळण्यासाठी आहे. नाजूक रेशमाच्या बाबतीत ती थोडी बदलावी. कोरड्या दिवशी सावलीत, स्वच्छ चादरीवर वस्त्र पसरून वारा द्यावा. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही. वेखंड, लवंग किंवा वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवता येतो, पण ती पुरचुंडी वा डांबराच्या गोळ्या वस्त्राला टेकू नयेत.

घरी धुणे, इस्त्री करणे आणि जर चकचकीत करण्यासाठी चिंच, लिंबू किंवा पावडर लावणे टाळावे. ओले जुने रेशीम स्वतःच्या वजनानेही फाटते. विरलेल्या जागी चिकटपट्टी किंवा डिंक लावू नये. पुढे ते काढताना कापडच निघते. मोठी दुरुस्ती वस्त्रसंवर्धनाच्या जाणकारांवर सोपवावी. लखनौ येथे १९७६ पासून सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे.

कायदा आणि कुटुंबाचा निर्णय

१९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातील मुलीला पणजीची पैठणी पाठवण्यापूर्वी हे ध्यानात घेणे हिताचे आहे. वस्त्राच्या वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या कार्यालयाकडे विचारणा करता येते.

प्रत्येक वस्त्र जपणे प्रत्येक घराला शक्य नसते. पदर शाबूत आणि अंग जीर्ण झालेल्या साडीचे परकर-पोलके करण्याची पद्धतही जुनीच आहे. तसे ठरल्यास कापण्यापूर्वी संपूर्ण वस्त्राची, काठ, पदर व उलट बाजू यांसह छायाचित्रे घ्यावीत, लांबी-रुंदी मोजावी आणि उरलेला तुकडा राखून ठेवावा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीचे काम मात्र वेगळेच आहे. हे वस्त्र कोणाचे, कोणत्या गावी घेतले, कोणत्या प्रसंगी नेसले, ही माहिती घरातील ज्येष्ठांना विचारून पांढऱ्या सुती पट्टीवर न पसरणाऱ्या शाईने लिहावी आणि ती पट्टी वस्त्राला न शिवता त्याच्या मलमलीला टाके घालून जोडावी. धाग्यांचे परीक्षण पुढेही होऊ शकेल. नाव सांगणारे माणूस मात्र तेव्हा असेलच असे नाही.