शेजारधर्म आणि नगराचे आरोग्य

आपले पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे ही नावे तुमच्या आजोबांच्या तोंडी जितक्या सहजतेने येतात, तितक्या सहजतेने ती तुमच्या तोंडी येतात काय? माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी आपल्या गावाच्या कडेने खाडीस मिळते. येथे 1852 साली नगरपालिका स्थापन झाली व 2016 साली तिची महानगरपालिका झाली. आज ह्या महानगरपालिकेत मोडणाऱ्या प्रदेशात 2011 च्या खानेसुमारीच्या वेळीच 5 लक्षांहून अधिक वस्ती होती. गावाचे शहर झाले खरे. परंतु त्याची काळजी वाहणारा शेजार त्याबरोबर वाढला काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नव्हे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात गाढीचे पाणी पनवेलच्या वस्तीतही शिरले. एवढा पाऊस अडविणे मनुष्याच्या हाती नव्हते. परंतु प्लास्टिकच्या पिशव्यांनी मुंबईची गटारे तुंबली होती, ती मनुष्याचीच करणी होती. पुढे जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरास आग लागली व धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. भाजीची देठे, शिळे अन्न इत्यादी ओला कचरा ढिगाखाली दडपला गेला व त्यास हवा मिळाली नाही म्हणजे तो सडून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू उत्पन्न होतो. तोच कचरा सुक्या पालापाचोळ्यात मिसळून अधूनमधून वरखाली केला, तर काही आठवड्यांत त्याचे उत्तम खत होते. वस्तू एकच, एका ठिकाणी ती विष होते, दुसऱ्या ठिकाणी अन्न. हा भेद आपल्या स्वयंपाकघरात, दोन निरनिराळ्या डब्यांपाशी ठरतो.

आता कोणी म्हणेल, "मी एकट्याने डबे वेगळे करून काय होणार?" ही शंका रास्त आहे. एकट्याचे कार्य लवकर थकते. म्हणूनच शेजाऱ्यांचा संघ हवा. मुंबईतील घाटकोपर येथील जोशी लेनच्या रहिवाशांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या गल्लीपुरता हा प्रयत्न केला. ओला व सुका कचरा घरोघर वेगळा होऊ लागला, ओल्याचे खत होऊ लागले. मुंबई महानगरपालिकेने ही रीत उचलून धरली व शहरात ठिकठिकाणी रहिवाशांच्या अशा समित्या निघाल्या. त्यांतील पुष्कळशा पुढे शिथिल पडल्या, हेही सांगितले पाहिजे. दोनचार उत्साही माणसांच्या खांद्यावर सर्व भार टाकून बाकीचे निश्चिंत झाले, म्हणजे असेच होते.

ह्याहून अधिक टिकाऊ कार्य पुण्यात झाले, आणि तेही अशा स्त्रियांनी केले की ज्यांच्याकडे शहर मान वळवून पाहत नसे. कचराकुंडीतून कागद, काच व पत्रा वेचून पोट भरणाऱ्या स्त्रियांनी 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन केली. हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव ह्यांचे त्यांस पाठबळ होते. "आम्ही भिकारी नव्हे, कामकरी आहोत," हा त्यांच्या मागणीचा गाभा. पुढे त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली व 2008 साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. तेव्हापासून ह्या संस्थेचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, रहिवासी त्यांस ठरलेली फी देतात, आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. कुंडीत हात घालणारी बाई दारात उभी राहू लागली. तिला नाव मिळाले, चेहरा मिळाला. ज्या घरास तिचे नाव ठाऊक आहे, ते घर फुटलेली काच उघडी टाकताना कचरेल.

पवित्र शास्त्रातील रूथ तुम्हांस ठाऊक आहेच. परक्या देशातून आलेली ती विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचून आपले व सासूचे पोट भरीत असे. तिच्या वेचण्यास बवाजाने अडथळा केला नाही. उलट तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकण्यास सांगितले. आपल्या टाकाऊ वस्तू नीट वेगळ्या करून वेचणाऱ्या हाती देणे, हा त्याच जुन्या धर्माचा आजचा प्रकार होय.

तर मग पनवेलमध्ये आरंभ कोठून करावा? सर्व शहर सुधारण्याचा संकल्प नको. आपला एक जिना, एक चाळ किंवा एक गल्ली पुरे. आठवड्यातील एक वार नेमून त्या दिवशी शेजाऱ्यांनी अर्धा तास एकत्र यावे. प्रथम एकच काम घ्यावे, ओले-सुके वेगळे करण्याचे, आणि ते सर्वांच्या अंगवळणी पडल्यावरच दुसरे. जमाखर्च भिंतीवर लावावा. कामे पाळीपाळीने वाटून घ्यावीत. न ऐकणाऱ्या शेजाऱ्यास दटावू नये. त्याच्या कुंडीत आपल्या खताची एक ओंजळ घालून यावे. आणि कचरा नेणाऱ्या ताईस किंवा दादास ह्या बैठकीत सर्वांत आधी बोलवावे, कारण आपल्या घरांची खरी परीक्षा त्यांच्याइतकी कोणासच ठाऊक नसते.

5 जूनच्या पर्यावरणदिनी एक रोप लावून छायाचित्र काढणे सोपे आहे. 6 जूनला त्यास पाणी कोण घालणार, एवढाच खरा प्रश्न आहे. पालकांस माझी विनंती आहे की, हा अंक घरी वाचून झाल्यावर मुलास सोबत घेऊन शेजारच्या एका दारावर थाप द्यावी. देवाने आदामास बागेत ठेविले ते केवळ फळे खाण्यास नव्हे, तर तिची मशागत व राखण करण्यास. आपल्या वाट्यास आलेली बाग एका गल्लीएवढी आहे. तिची राखण आपल्याच हाती आहे.