उशिरा बोलणाऱ्यांचा हिशेब

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत लहान मुलांच्या भाषेवर महाराष्ट्रात जो तो तज्ज्ञ झाला होता. आमच्या रत्नागिरीत मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत चहाच्या प्रत्येक टपरीवर कोवळ्या मेंदूवर किती भाषांचा भार पडतो, यावर तावातावाने चर्चा. ज्यांनी जन्मात कधी पोराला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली नाही, ते सगळ्यात ठासून बोलत होते. पण मराठी मूल मराठी तरी कसं शिकतं, आणि ज्याला तीच जमत नाही त्याचं काय, हे त्या गदारोळात एकानेही विचारलं नाही. अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून नोकरी केलेल्या मला ते झोंबलं. म्हणून हा मागोवा.

सुरुवात झकास झाली होती. 1964 साली डॉ. अशोक केळकरांनी 'वर्ड' या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर इंग्रजीतून लेख लिहिला. आई-आजी तान्ह्याशी जे बोलतात, त्याला शास्त्र असतं हे त्यांनी जगापुढे मांडलं. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली. त्यात अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक यांच्या जोडीला मराठी होती. या विषयाची शाळा जगात नुकती भरत होती, तेव्हा आपण पहिल्या बाकावर होतो.

पुढची तीस वर्षं मी भराभर उलटते, कारण रत्नागिरीच्या दृष्टीने त्यांत काही घडलंच नाही. म्हैसूरला 1965 मध्ये वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था निघाली, मुंबईत नायर रुग्णालयात अभ्यासक्रम सुरू झाला, 1983 मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था उभी राहिली. परिसंवाद झाले, अहवाल छापले गेले. इकडे मूल बोलत नाही म्हटलं की वेखंड उगाळून जिभेला लावायचं, पोपटाने उष्टावलेला पेरू चारायचा, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं आणि 'बाप पण उशिराच बोलला होता' म्हणत वाट बघायची. वाट बघण्यात पोर शाळेत जायचं आणि शेवटच्या बाकावर कायमचं बसायचं.

खरं दशक म्हणजे 1998 ते 2007. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईच्या दवाखान्यांची वाट आमच्या बायकांच्या आवाक्यात आली. कोकणकन्येने रात्री निघायचं, पहाटे दादरला उतरायचं, नायरला किंवा वांद्रे रेक्लमेशनला नंबर लावायचा. फडक्यात भाकरी-चटणी, कडेवर पोर. आधी कान तपासायचे, मग बोलणं. त्या प्रवासात बायका एकमेकींना जे शिकवत, ते कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. कुठली खिडकी आधी उघडते, कुठली थेरपिस्ट आईलाही बसवून समजावते, सगळं त्यांना पाठ.

त्या मोजक्या चांगल्या थेरपिस्टांचा सल्ला साधा असायचा. मुलाने बोट दाखवलं की वस्तू लगेच हातात देऊ नका. तिचं नाव घ्या, थांबा, त्याच्या तोंडाकडे बघा. माझ्या बीटमधली एक आई मुंबईहून परतल्यावर अंगणात मासे साफ करताना पोराला समोर बसवायची. 'हा बांगडा. ही कोळंबी. हे पापलेट.' एका टोपलीत तिन्ही लिंगं! मग 'बांगडा कापला, कोळंबी सोलली, पापलेट धुतलं'. मराठी मुलाला नाम शिकून भागत नाही. त्याबरोबर क्रियापद वाकवावं लागतं, प्रत्यय लावावे लागतात. भाषेत अडकलेलं मूल नेमकं तिथे अडखळतं. पाच वर्षांचं झालं तरी 'आई बाजार जा' म्हणतं. 'काका'ला 'टाटा' किंवा 'राम'ला 'लाम' म्हणणारं बोबडं पोर वेगळं, ते बहुधा वयाबरोबर सुधारतं. या दोघांतला फरक त्या आईला कळू लागला होता. वरच्या साहेबांना कळत नव्हता.

साहेबांच्या तक्त्यात एकच रकाना असायचा, 'बोलत नाही'. त्यात सगळ्यांना कोंबायचं. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या एका नेपाळी कुटुंबातली मुलगी अंगणवाडीत अवाक्षर काढत नसे. तिच्या नावापुढे 'मुकी' लिहिलं गेलं. मी बागेत गेले, तर पोरगी काजूच्या झाडाखाली धाकट्या भावाला नेपाळीत नुसती दटावत होती. तिला उपचाराची नाही, मराठी कानावर पडायची गरज होती. 'आई बाजार जा' म्हणणाऱ्या मुलाला मात्र घरच्याच भाषेत मदत हवी होती. भाषा वेगळी असणं वेगळं आणि भाषेत अडचण असणं वेगळं, हा या साऱ्या शास्त्रातला पहिला धडा आहे. ज्या जिल्ह्यात संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांची बोली, चित्पावनी असा मेळा आहे, तिथे तर तो भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

एक जुना हिशेब इथेच चुकता करते. त्या काळात शहरातले काही नामांकित डॉक्टर आणि नव्याने निघालेल्या इंग्रजी शाळा आयांना सांगत, घरची बोली बंद करा, मुलाशी फक्त इंग्रजीत बोला. एका कोकणी मुसलमान आईला हा सल्ला मिळाला. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने बोलणंच कमी केलं. ज्या पोराला जास्त बोलणं ऐकायची गरज होती, त्याचं घरच गप्प झालं. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही, हे संशोधन केव्हाच सांगून चुकलंय. तो सल्ला देणाऱ्यांनी पुढे कधी चुकूनही तोंड उघडलं नाही.

मुंबईतल्या संशोधनालाही मी सोडणार नाही. 1996 पासून राज्य सरकारने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. शीवच्या रुग्णालयात त्यावर मोलाचं काम झालं, नाकारत नाही. पण तपासलेली मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमातली, आणि त्यांना मिळणाऱ्या सवलतींतली एक म्हणजे हिंदी किंवा मराठी विषयच सोडून देण्याची! मराठीत शिकणाऱ्या मुलाने काय सोडायचं? मुलाची भाषा तपासायला आमच्याकडे पोचणाऱ्या चित्रकार्डांत स्ट्रॉबेरी आणि बर्फाचा माणूस. राजापूरच्या पोराने नाव सांगितलं नाही की गुण कापले. 2007 च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' आला आणि वाचता न येणाऱ्या मुलाला समाजाची सहानुभूती मिळाली. बोलण्याच्या पायरीवरच अडलेलं मूल मात्र कुठल्याच पडद्यावर आलं नाही.

नंतरची वर्षं योजनांची. 2013 मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं आणि सापडलेलं मूल जिल्हा केंद्राकडे पाठवायचं. कल्पना उत्तम. पण गर्दीत अनोळखी डॉक्टरसमोर पाच मिनिटांत कुठलं तीन वर्षांचं पोर तोंड उघडतं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाचा व भाषा दोष' आला खरा, पण व्याख्या पाहिली तर स्वरयंत्र काढलेला किंवा मेंदूच्या इजेने वाचा गेलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवलेला. ज्या मुलाचे कान ठीक, बुद्धी ठीक, पण भाषाच नीट लागत नाही, ते त्या व्याख्येत बसत नाही. ब्रिटनच्या डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने 2017 मध्ये अभ्यासकांनी या अडचणीला विकासात्मक भाषा विकार हे नाव पक्कं केलं. तिकडच्या पाहण्यांत शेकडा सातच्या आसपास मुलं अशी निघाली, म्हणजे तीसच्या वर्गात दोन. मराठी मुलांमध्ये किती, हे मराठीच्या अभिजात दर्जाचे पेढे वाटणाऱ्यांपैकी कुणालाही विचारून पाहा.

आणि आज? अंगणवाडी सेविकेच्या हातात 2021 पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आहे. वजन भरा, उंची भरा, फोटो काढा. माता-बाल संरक्षण कार्डावर बोलण्याचे टप्पे चित्रांसकट छापलेले असतात, पण आढावा बैठकीत विचारतात फक्त वजन. आईच्या हातातला मोबाईल पोराच्या हातात गेलाय आणि आजी मालिकेत आहे, त्यामुळे केळकरांनी अभ्यासलेली ती बाळबोलीही घरातून चाललीय. मुंबईची वाटही अवघड झाली: दादर-रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिवा स्टेशनपर्यंतच नेऊन सोडू लागली. कडेवर मूल घेऊन तिथून पुढे लोकलमध्ये चढून दाखवावं कुणीतरी साहेबाने.

रेल्वे आल्यानंतरच्या त्या दशकात साधनं नव्हती, पण आया शिकत होत्या आणि आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन बसत होतो. आता साधनं आली आणि बसायला कुणाला वेळ नाही. 2023 पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. या दोघांनी मिळून जिल्ह्यातल्या मुलांचं बोलणं त्यांच्या बोलीत टिपून, दोन-तीन-चार-पाच वर्षांचं मूल काय बोलतं याचं आपलं मोजमाप तयार करावं. त्याला इमारत लागत नाही. भाषेसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या पक्षांनी ही मागणी एकदा तरी करावी.

आणि वाचणाऱ्या आईबापांनो, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर शेजाऱ्यांचं ऐकून वाट बघू नका. आधी कान तपासून घ्या आणि तोवर घरच्या बोलीत त्याच्याशी भरपूर बोला.