मुठीतल्या खेळांचा कारखाना आणि मालकीचा प्रश्न

पिंपरीच्या औषध कारखान्यापासून आकुर्डी-भोसरी ओलांडून थेट चाकणपर्यंत पसरलेल्या आपल्या औद्योगिक पट्ट्याने लोखंडाच्या कारखानदारीचे अनेक उदयास्त पाहिले आहेत. परंतु ज्या मालाला वजन नाही, जो गोदामात रचून ठेवता येत नाही आणि ज्याचा कच्चा माल म्हणजे केवळ गणित व कल्पकता, अशा मालाची एक पेढी आपल्याच राज्यात, मुंबईत, उदयास आली आणि दोन दशकांच्या आत अस्तंगतही झाली, याची नोंद आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. ‘इंडियागेम्स’ हे त्या पेढीचे नाव. विशाल गोंडल या तरुणाने १९९९ साली तिची स्थापना केली. देशात इंटरनेट नुकतेच रुजत होते आणि संगणकीय खेळ हा पोटापाण्याचा व्यवसाय होऊ शकतो यावर फारच थोड्यांचा विश्वास होता, अशा काळातले हे धाडस होते.

या व्यवसायाचा मूळ इतिहास अमेरिकेतला. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली कॅलिफोर्नियात ‘अटारी’ स्थापन केली. त्याच वर्षी आलेल्या ‘पाँग’ने व्हिडिओ गेमला बाजारपेठ मिळवून दिली. १९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्सने ती कंपनी विकत घेतली, आणि १९८३ च्या मंदीत प्रचंड तोटा सोसल्यानंतर पुढच्याच वर्षी तिचे तुकडे झाले. तिच्या ‘२६००’ या प्रसिद्ध यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती, आणि एवढ्याशा स्मृतीवर आख्खा खेळ चालविण्याचे कसब हेच त्या पिढीच्या आज्ञावलीकारांचे खरे भांडवल होते.

आपल्याकडे हे कसब पणाला लागले ते मोबाईल फोनवर. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी फोनमध्ये जावा ही आज्ञाप्रणाली येऊ लागली, तेव्हा अनेक हँडसेटवर खेळाची संपूर्ण फाईल, म्हणजे चित्रे, ध्वनी, नियम आणि गुणांचा हिशेब, हे सारे ६४ किलोबाइटच्या मर्यादेत बसवावे लागे. याहून मोठी अडचण गणिताची होती. त्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत अपूर्णांकांची आकडेमोड करण्याची सोयच नव्हती. आणि फलंदाजाने टोलविलेल्या चेंडूचा मार्ग तर अपूर्णांकांवाचून काढता येत नाही. यावर तोड अशी की प्रत्येक संख्येला आरंभीच २५६ ने गुणून घ्यावयाचे, म्हणजे अर्धा हा १२८ म्हणून आणि पाव हा ६४ म्हणून नोंदवावयाचा, सर्व गणित पूर्णांकांतच करावयाचे आणि पडद्यावर ठिपका उमटविण्याच्या क्षणी पुन्हा २५६ ने भागावयाचे. कोनांची ज्या-कोटिज्या मूल्येही ऐन वेळी न काढता तयार कोष्टकातून उचलावयाची. चित्रांचीही तीच तऱ्हा: मैदानाचे संपूर्ण चित्र साठविण्याऐवजी गवताचा लहानसा चौकोन एकदाच साठवून तो शेकडो ठिकाणी पुनःपुन्हा मांडावयाचा. अशा काटकसरीतून खेळात जिवंतपणा आणणे ही उच्च दर्जाची अभियांत्रिकी होती, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

एक खेळ तयार झाला म्हणजे काम संपत नसे. प्रत्येक हँडसेटचा पडदा, कळांची मांडणी आणि स्मृती निराळी. त्यामुळे एकाच खेळाच्या असंख्य आवृत्त्या काढाव्या लागत. भोसरीच्या टूलरूममध्ये एकाच सुट्या भागासाठी गाडीच्या प्रत्येक मॉडेलची निराळी डाय पाडावी लागते, तसाच हा प्रकार होता, आणि त्याचा खर्चही तसाच वाढत जाई.

इंडियागेम्सने हे काम इतक्या नेटाने केले की ‘ब्रूस ली’सारख्या जगप्रसिद्ध नावाचा परवाना मिळवून तिने खेळ काढले. चीनच्या टॉम ऑनलाईन या कंपनीने २००५ च्या सुमारास तिचा बहुतांश हिस्सा विकत घेतला, २००७ मध्ये ती यूटीव्हीकडे आली आणि पुढे २०११-१२ च्या व्यवहारांतून ती डिस्नेच्या छत्राखाली गेली. हा तिचा उत्कर्ष होता खरा. परंतु त्याच्या पोटातच ऱ्हासाचे कारण दडलेले होते. कारण खेळातील नायकाचे नाव परक्याच्या मालकीचे, ज्यावर तो चालायचा तो हँडसेट दुसऱ्याचा, आणि गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याचे दार दूरसंचार कंपनीचे, जी उत्पन्नातील मोठा वाटा आपल्याकडे राखून घेई. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप-भांडार उघडले, त्याच वर्षी अँड्रॉइडचेही आले, आणि ते दारच बदलले. खेळ फुकट देऊन आतल्या वस्तू विकण्याची नवी रीत आली, जगभरचे स्पर्धक एकाच दालनात उभे ठाकले, आणि छोट्या जावा-खेळांची बाजारपेठ काही वर्षांत ओसरली. अखेर २०१६ साली डिस्नेने भारतातील खेळनिर्मितीचे काम आवरते घेतले.

याउलट आकुर्डीचे उदाहरण पाहावे. इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनविणाऱ्या बजाज ऑटोचा तो करार १९७१ साली संपला, आणि कंपनीने पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाची ‘चेतक’ बाजारात आणली. पुढे गिऱ्हाइकाची आवड स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळली, तेव्हा २००१ साली ‘पल्सर’ आली. स्कूटरचे उत्पादन थांबले तरी कंपनी टिकली. २०१९ मध्ये ‘चेतक’ विद्युत रूपात परतली आणि २०२२ पासून आकुर्डीच्याच आवारात बनू लागली. आराखडा, नाव आणि विक्रीची व्यवस्था स्वतःच्या ताब्यात असली म्हणजे तंत्राचे स्थित्यंतर पेलता येते; ही तिन्ही परक्याच्या हाती असली म्हणजे अव्वल कारागिरीही निराधार होते. लोखंड असो वा आज्ञावली, हा नियम दोहोंना सारखाच लागू आहे, आणि एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालणाऱ्या या पट्ट्यातील लघुउद्योजकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आज पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने भारतीय पुराणकथांतून ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगापुढे ठेवला आहे, आणि ‘सुपरगेमिंग’सारख्या कंपन्या स्वतःच्या नावाचे खेळ घडवीत आहेत. हे शुभलक्षण आहे. मात्र जुन्या कामाचे जतन झाले नाही, तर नव्यांना आपली परंपरा कळणार नाही. ते हँडसेट केव्हाच भंगारात गेले आणि मूळ आज्ञावल्यांचे दप्तर कंपन्यांच्या हस्तांतरात विखुरले. परंतु जावाच्या फाईली जुन्या फोनची नक्कल करणाऱ्या प्रणालींवर आजही चालू शकतात. चिंचवडच्या विज्ञान केंद्राने भारतीय मोबाईल खेळांचे एक लहानसे दालन उघडावे, आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ते चालते ठेवण्याची जबाबदारी आपल्या विद्यार्थ्यांवर सोपवावी. ज्यांच्या कपाटात तसे जुने फोन अद्याप पडून असतील, त्यांनी ते भंगारवाल्याच्या हवाली न करता अशा कामासाठी राखून ठेवावेत, अशी नम्र विनंती आहे.