गव्हाला युरियाचा दुसरा हप्ता: एकविसावा दिवस का चुकवू नये?

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी केली असेल, तर हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश द्यावे, हे बहुतेक शेतकऱ्यांना पाठ आहे. चूक मात्रेत कमी आणि दिवसांत जास्त होते.

निम्मे नत्र पेरणीबरोबर द्यायचे. एकरी एक गोणी डीएपी पेरली, तर त्यातून ९ किलो नत्र मिळते. २४ किलो पुरे करायला सोबत साधारण ३२ किलो युरिया लागतो. डीएपीचे नत्र हिशेबात न धरता वर पूर्ण गोणी युरिया टाकणे हा निव्वळ वाया खर्च.

उरलेले निम्मे नत्र, म्हणजे एकरी सुमारे ५२ किलो युरिया, १८ ते २१ दिवसांनी पहिल्या पाण्याबरोबर. एक रोप उपटून पाहा. तीन-चार पाने आलेली असतात आणि बियाण्याच्या वर, जमिनीलगत नवी पांढरी मुळे फुटू लागलेली दिसतात. हीच मुकुटमुळे. फुटवेही याच पेऱ्यांतून निघतात. या वेळी नत्र किंवा ओल कमी पडली तर फुटवे कमी येतात, आणि जो फुटवा निघालाच नाही त्याला पुढे कितीही खत घातले तरी ओंबी लागत नाही.

आधी खुरपणी उरका, नाहीतर युरिया तणच खाते. भारी जमिनीत युरिया फोकून लगेच पाणी द्या. कोरड्या, चुनखडीच्या काळ्या रानावर तो दोन-तीन दिवस पडून राहिला, तर बराचसा अमोनिया होऊन हवेत उडतो. तेव्हा वीज रात्रीची असेल तर खतही त्याच संध्याकाळी टाकावे, आदल्या दिवशी नको. हलक्या जमिनीत उलटे करा: आधी पाणी, मग पाय टेकण्याइतका वाफसा आला की युरिया, नाहीतर नत्र पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. अशा रानात हा हप्ता २१ आणि ४० दिवसांनी असा विभागून दिलेला बरा.

दरवर्षी विचारले जाते, ‘युरिया वेळेवर मिळालाच नाही, आता काय?’ पस्तीस-चाळीस दिवसांपर्यंत उरलेला हप्ता द्या. फुटव्यांचे नुकसान पूर्ण भरून येणार नाही, पण आहेत त्या ओंब्या भरतील. पीक पोटरीत आल्यावर मात्र गोणी रिकामी करू नका. त्या वेळचे जादा नत्र पीक हिरवे ठेवते, मऊ काडी वाऱ्यात लोळते आणि तांबेऱ्यालाही आयते फावते. पाने पिवळट असतील तर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया विरघळवून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. त्याने दाण्यातील प्रथिने थोडी वाढतील, ओंब्यांची संख्या नाही.

डिसेंबरात पेरलेल्या गव्हाला थंडीचे दिवस कमी मिळतात, म्हणून त्याची नत्राची शिफारसही कमी आहे. पहिल्या पाण्याचा दिवस त्यालाही तोच.