कारखानदाराची अर्धशिशी आणि इगतपुरी

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रामागे एका उद्योजकाचे आजारपण आहे. सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) रंगूनमधले यशस्वी कारखानदार. कामाच्या ताणात तीव्र अर्धशिशीने ते इतके बेजार होत की मॉर्फिन घ्यावे लागे. परदेशातले उपचारही निष्फळ ठरले. १९५५ मध्ये ते विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू स्वतः ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, म्हणजे फायलींचा ढीग त्यांनाही ठाऊक होता. त्यांनी आधी नकारच दिला: केवळ डोकेदुखी घालवायला येऊ नका. ही अट मला फार मोलाची वाटते. पुढे त्यांच्याकडून ध्यान शिकून गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ मध्ये धम्मगिरी सुरू झाले.

दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठायचे, मौन पाळायचे, फोन जमा करायचा. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष. शुल्क नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योजकाला दहा दिवस शटर सोडून जाणे अवघड, हे खरेच. त्याने निदान कोटेशन किंवा जीएसटीचा हिशेब करताना तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

मात्र डोके जड होणे, लक्ष न लागणे हे सारे ताणामुळेच होते असे नाही. याला हल्ली ‘ब्रेन फॉग’ म्हणतात; ते रोगाचे नाव नाही, लक्षण आहे. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांतूनही ते उद्भवते. आठवडेच्या आठवडे डोके जड राहिले, तर आधी डॉक्टरांना भेटावे. मानसिक आजारावर उपचार सुरू असतील, तर शिबिराच्या अर्जात ते स्पष्ट लिहावे.