अर्धशक्ती, अन्न आणि मन

तळेगाव औद्योगिक वसाहतीच्या विस्तारानंतर नवलाख उंबरे हे मावळातील भातशेतीचे गाव कारखान्यांच्या पाळ्यांशी जोडले गेले. इंद्रायणी भाताची लावणी आणि रात्रपाळी एकाच घरात नांदू लागली. अशा परिसरात आम्लपित्त, मलावरोध व अंगमर्द या नित्याच्या तक्रारी होत. पुष्कळदा रुग्णाचा आहार वावगा नसतो, व्यायामही असतो. मग बिघडते कोठे?

चरकाचार्य विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतात की, पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व प्रजागर यांमुळे ते जिरत नाही. सहांपैकी चार कारणे थेट मनाची आहेत. मनावर ताण असता जठर रिक्त होण्याची क्रिया मंदावते, हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रासही मान्य आहे.

व्यायामाचेही तसेच. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे, हे सुश्रुतोक्त बलार्धाचे लक्षण होय. वाग्भटाने अर्धशक्ती व्यायामही बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस, शीतकाळी व वसंतातच सांगितला. अजीर्णात तो वर्ज्यच. रात्रपाळी संपवून थेट व्यायामशाळा गाठणारा तरुण जागरणाने वाढलेल्या वातात अतिव्यायामाची भर घालतो. असात्म्य जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावे, हा वाग्भटाचा उपदेश पाळीच्या कामगारास आजही तंतोतंत लागू पडतो.

याच तालुक्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी (१८८३–१९६६) १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्यास माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकलेल्या स्वामीजींनी उड्डियान व नौलीच्या वेळी उदरात होणारे दाबातील बदल यंत्राने मोजले. योगक्रियांचे शरीरावरील परिणाम मोजमापाने तपासण्याची परंपरा आपल्या दाराशीच आहे.

तेव्हा अविपत्तिकर चूर्णाची पुडी देण्यापूर्वी वैद्यांनी व औषधालयचालकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: झोप केव्हा घेता? जेवताना मन कोठे असते? व्यायाम किती दमेपर्यंत करता? वजन घटत असल्यास वा मल काळा होत असल्यास पुडी न देता तातडीने तपासणीस पाठवावे. एरवी, निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. हेतू कायम ठेवून दिलेले चूर्ण तात्पुरता उपशम देते, आणि रुग्ण महिनोन्‌महिने तीच पुडी मागत राहतो. विक्री वाढते, पण आरोग्य वाढत नाही.