मिसिंग : डेल्कोपासून स्कॅनरपर्यंत

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उतरली, तेव्हा आठवणी निघाल्या त्या काळ्या-पिवळ्या रंगाच्या आणि ऐसपैस सीटच्या. त्या बॉनेटखाली वाकून किती मेकॅनिक तयार झाले, याचीही आठवण तेव्हा निघायला हवी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलं ते १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं फियाटचं इंजिन महाराष्ट्रातल्या गॅरेजवाल्यांची शाळाच होतं. ‘गाडी मिसिंग मारतेय’, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. मधल्या पन्नासेक वर्षांत तिचा माग काढायची रीत मात्र पार बदलली.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. फियाटच्या काळातला चांगला मेकॅनिक इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायचा. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच मेलेला. मग त्याचा प्लग बाहेर निघे. टोक फिकट तपकिरी असेल तर चिंता नाही. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे हवा जास्त आणि तेलकट असेल तर बहुधा रिंगा गेल्या. प्लग चांगला निघाला की डेल्कोचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, गॅप पुन्हा लावायचा. पॉइंट सारखे जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. आल्या आल्या कार्बोरेटर खोलून बसणारा मेकॅनिक जाणत्या टॅक्सीवाल्याला पसंत पडत नसे, आणि ते बरोबरच होतं. ठिणगीचा दोष जेट साफ करून जात नाही.

ऋतूंचाही हिशेब असे. पावसाळ्यात मुंबईत हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की डेल्कोच्या झाकणात ओल धरायची. ते कोरड्या फडक्याने पुसलं की निम्म्या गाड्या तिथेच सुरू व्हायच्या. मे महिन्यात बोरघाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन गचके खात बंद पडायचं. पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं, एवढाच इलाज होता.

इंजिन कितीही नीट लावलं तरी एका दोषापुढे मेकॅनिक हतबल असे, तो म्हणजे भेसळ. रेशनवरचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग. त्या फरकावर मोठा काळा धंदा उभा राहिला. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर चढाला इंजिन टकटक वाजतं, प्लगवर काजळी धरते, आणि मालक गॅरेजला दोष देत राहतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला तरी भेसळ थांबली नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. इंजिनाच्या दुखण्यांचा इतिहास लिहिताना हे नाव गाळता येणार नाही.

खरा बदल आला तो हवेच्या प्रदूषणामुळे. १९९५ पासून महानगरांतल्या नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं, आणि त्याच सुमारास मारुती ८०० लाही एमपीएफआय इंजिन बसलं. पॉइंट, कंडेन्सर, चोक सगळं गेलं. त्यांच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि कॉम्प्युटर आले. जुन्या इंजिनांबद्दल जिव्हाळा असला तरी हा बदल चांगलाच झाला. हवा सुधारायला त्याची मदत झाली, आणि थंडीतल्या सकाळी चोक ओढून ताटकळणं संपलं.

पुढे २०१३ पासून नव्या गाड्यांना दोष स्वतःच नोंदवणारी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली आणि तिचे कोड वाचायला गॅरेजात स्कॅनर आला. पी०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतोय. क्रँकशाफ्टच्या फिरण्यातली बारीकशी अडखळ मोजून कॉम्प्युटर हे ओळखतो. पण ठोका का चुकतोय हे त्या कोडमध्ये नसतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, यांतलं काहीही असू शकतं. इथेच हल्लीची पद्धत घसरली आहे. कोड वाचायचा आणि त्या नावाचा पार्ट बदलायचा. दोष गेला नाही तर पुढचा पार्ट. बिल वाढत जातं, गाडी थरथरतच राहते.

वास्तविक जुनी रीत नव्या इंजिनालाही लागू पडते. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशनची तपासणी. ‘एअर घेतेय का’ हा जुना प्रश्नही स्कॅनरवर सोडवता येतो. फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा आयडलिंगला खूप वर आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास नॉर्मल येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. उलट, लोड आल्यावर आकडा चढत असेल तर फिल्टर किंवा पंप बघावा. कार्बोरेटरच्या काळात कानाने धरलेला हाच फरक आता आकड्यांत दिसतो. म्हणून ज्याला दोन्ही येतं, त्याच्याकडे गाडी द्यावी.

आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाड्यांतल्या रबराला त्रास देतं. कार्बोरेटरची गाडी जपणाऱ्यांनी पाइप आणि डायफ्रॅम एकदा बघून घ्यावेत, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नये.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्या. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि नवा कन्व्हर्टर फार महाग पडतो. कोडवरून पार्ट बदलायला सांगितला, तर आधी अदलाबदल करून दाखवायला सांगा. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.